लोकप्रतिनिधींवर विश्वास उरला नसेल, तर सार्वमत उपयोगी पडतं का?

प्रश्न:
एकदा निवडून आले की पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणाला जुमानत नाहीत, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. उपाय म्हणून थेट लोकशाही सुचवली जाते. ती प्रत्यक्षात चालते कशी आणि अडते कुठे? नियमावलीचा मसुदा करतोय, नेमके आकडे हवेत.

प्रतिसाद १:
आधी दोन हत्यारं वेगळी करा. स्वित्झर्लंडमध्ये संसदेनं केलेला कायदा अडवायचा, तर तो राजपत्रात आल्यापासून १०० दिवसांत ५०,००० सह्या लागतात. मग मतदानात साधं बहुमत पुरतं. घटनेत बदल आपणहून सुचवायचा, तर १८ महिन्यांत १,००,००० सह्या, आणि मतदारांचं व कँटनांचं (म्हणजे तिथल्या राज्यांचं) अशी दोन्ही बहुमतं. अविश्वासावर खरा उतारा पहिलंच हत्यार आहे. ते उगारलं नाही तरी धाक राहतो. सह्या गोळा होतील या भीतीनं सरकार मसुदा करतानाच विरोधकांना विचारतं.

सह्यांचा कागद मात्र जपून आखा. तिथे एका कागदावर एकाच गावच्या मतदारांनी सह्या करायच्या असतात, कारण पडताळणी त्या गावच्या मतदारयादीवरून होते. परगावच्या माणसाची सही बाद. पडताळणीचा वेळही त्या १०० दिवसांतच धरतात, त्यामुळे शेवटच्या क्षणी आणलेले गठ्ठे वाया जातात.

प्रतिसाद २:
कॅलिफोर्नियाही बघा. विधिमंडळ रेल्वे कंपनीच्या मुठीत गेलंय, या संतापातून १९११ साली तिथे सह्या गोळा करून कायदा सुचवायचा हक्क आला. नव्या कायद्यासाठी गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या, घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के. पण पगारी माणसं लावून सह्या गोळा करता येतात, म्हणजे पैसेवाल्यांना दार पुन्हा उघडंच. शिवाय १९७८ च्या प्रपोझिशन १३ नं, म्हणजे लोकांनी मतदानातून मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीनं, मालमत्ता कर १ टक्क्यावर आणि मूल्यांकनातली वाढ सहसा वर्षाला २ टक्क्यांवर बांधली. ते घटनेत बसल्यानं विधिमंडळाला स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही. चूक दुरुस्त करायची वाट नियमातच लिहून ठेवा.

प्रतिसाद ३:
प्रश्न मोघम असेल तर अविश्वास उलट वाढतो. २०१६ साली ब्रिटनमध्ये युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढंच विचारलं. ५१.९ टक्के बाहेर म्हणाले, पण कोणत्या अटींवर, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पुढची भांडणं त्यावरच झाली. आयर्लंडमध्ये २०१८ च्या गर्भपात-सार्वमताआधी यादृच्छिक निवडीनं घेतलेल्या ९९ नागरिकांच्या सभेनं विषय तपासला होता, आणि ‘हो’ म्हटल्यास येणाऱ्या कायद्याची रूपरेषा सरकारनं मतदानापूर्वीच जाहीर केली. मतदानाआधी अशी रूपरेषा जाहीर करायचं तेवढं एक कलम तुमच्या मसुद्यात सक्तीचं करा.