घरच्या धंद्यात काम आणि ईएसआयचा हक्क

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कामगारांच्या उपचारांसाठी आणि आजारपणातल्या भत्त्यासाठीची सरकारी योजना. हिंगण्याच्या कारखान्यात काकांकडे महिना १६,००० रुपयांवर काम करणाऱ्या पुतण्याला, ‘घरचाच आहेस, तुला कशाला ईएसआय’ असं सांगितलं गेलं, ते चूक आहे. कारखान्यात १० किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर नात्यामुळे हक्क जात नाही. फक्त तो भागीदार नको. भागीदार कामगार ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून भागीदारीच्या कागदावर सही आहे का, ते आधी बघा.

त्याच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये कापायचे, काकांनी ३.२५ टक्के, म्हणजे ५२० रुपये भरायचे, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. भरणा झाला का, हे ईएसआयसीच्या (ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या) पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून दिसतं. कापून न भरणं हा गुन्हा आहे.

खरी अडचण पुराव्याची. पगार ‘घरखर्च’ म्हणून रोखीत मिळतो, हजेरीपटावर नाव नसतं. पगार बँकेतूनच घ्या. आजारपणाच्या भत्त्याला सहामाहीत ७८ दिवसांचा भरणा लागतो; आजारी पडल्यावर नोंदणी करून तो मिळत नाही.