पोह्याच्या दुकानात विज्ञानाच्या गप्पा: चारच माणसं आली, आता काय करू?

तर्री_कमी:
मी कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट होतो, गेल्या वर्षी रिटायर झालो. इथे नागपुरात गोकुळपेठेत ओळखीच्या एकाचं पोह्याचं दुकान आहे, दुपारी चारनंतर रिकामंच असतं. म्हटलं, महिन्यातून एका रविवारी तिथे विज्ञानावर मोकळ्या गप्पा ठेवू. पहिला विषय ‘वैज्ञानिक दृष्टिकोन आणि आपण’. भाड्याचा प्रोजेक्टर, बावन्न स्लाइड. आले चौघं. त्यात एक माझा साळा आणि एक पाऊस थांबायची वाट बघणारा. पंचावन्न मिनिटं बोललो. “काही प्रश्न?” म्हटलं तर दुकानदार म्हणाला, “सर, खुर्च्या उचलू का?”

नंतर चहा पिताना तोच म्हणतो, भावाच्या प्लॉटवर पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणारा, आला होता, त्याच्या तळहातावर नारळ आपोआप उभा झाला, तिथेच बोअर मारली आणि पाणी लागलं. “बोला बरं यावर!” मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळून राहिलं आहे.

जुना_जथेवाला:
विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या १९८७ च्या जनविज्ञान जथ्यात मी गावोगाव फिरलो आहे. भाषणाने कोणी थांबत नसे. आधी होम पेटवायचो, तोही पाणी शिंपडून! लोकांना पाणी वाटायचं ते ग्लिसरीन, आणि लाकडांखाली पोटॅशियम परमँगनेट. धूर निघाला की पानठेल्यावरचे उठून यायचे. स्लाइड विसरा.

रात्रपाळी:
इंग्लंडात लीड्सला डंकन डॅलस नावाच्या गृहस्थांनी १९९८ मध्ये ‘कॅफे सायंटिफिक’ सुरू केलं. तिथली रीत साधी: वक्ता वीसेक मिनिटं बोलतो, मग सगळे उठून काहीतरी पितात, मग तासभर चर्चा. मधली सुट्टी फार कामाची. भर सभेत कोणी तोंड उघडत नाही, पण शेजाऱ्याशी बोलताना प्रश्न सुचतो. तुमचा एकमेव खरा प्रश्न चहावरच आला ना!

बोअरवाला_भाऊ:
सर, माझी बोअरची गाडी हाय, म्हणून सांगतो. नारळ उभा झाला तिथं पाणी लागते, दहा फूट सरकून मारली तं तिथंही बरेचदा लागते. कोरडी गेली त्या बोअरचं नाव कोणी घेत नाई, लागली तिचीच गोष्ट गावभर. अन् त्या माणसाले येडं नका ठरवू बाप्पा. तो खोटं नाई बोलून राहिला, मनगट हलते ते त्याचं त्यालेच कळत नाई. दुकानातच परीक्षा घ्या ना. पण अटी आधी ठरवा, नाईतर हरल्यावर नव्या निघते.

रात्रपाळी:
भाऊंचं बरोबर आहे. जर्मनीत कासेलला १९९० मध्ये हेच केलं. सुमारे तीस पाणाडे, जमिनीखाली पुरलेली नळी, त्यात पाणी वाहतंय की बंद आहे एवढंच सांगायचं. निकाल नाणं उडवल्यासारखा.

तर्री_कमी:
केलं! पोस्टर फक्त एवढंच: ‘नारळाला पाणी कळतं का?’ तेवीस माणसं. दहा झाकलेले डबे, एकातच पाणी. डबे मांडणारा बाहेर गेला की मगच नारळवाला आत, म्हणजे कोणाच्या चेहऱ्यावरून कळायला नको. नारळ धरायला दुकानदार स्वतः उभा राहिला, पाणाड्याने त्याला शिकवलं आहे म्हणे. सहा फेऱ्यांत एकदा बरोबर. दहात एक तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी अधूनमधून लागतोच, यावर एका आठवीतल्या पोरीने सगळ्यांशी वाद घातला. मी जेमतेम दहा मिनिटं बोललो असेन.

दुकानदाराला पटलं नाही. डबे ॲल्युमिनियमचे होते म्हणून बिघडलं म्हणतो. म्हटलं, ठीक, पुढच्या वेळी डबे तुमच्या पसंतीचे, पण आधी कागदावर लिहून द्या. दिलं लिहून, बिलाच्या मागे. २६ मेला दुपारी बाराच्या सुमारास नागपुरात उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तेव्हा दुकानासमोर काठी रोवायचंही ठरलं.

नारळ नवा आणावा लागेल. हा चटणीत गेला.