न्यू जर्सीतल्या मताला किंमत किती?

एडिसनकर:
अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा माझा विश्वास उडत चाललाय. उमेदवारांपेक्षाही मला मोजणीची पद्धत खटकते. अध्यक्ष ठरवतात राज्याराज्यातले निर्वाचक, म्हणजे अध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी. एकूण निर्वाचक ५३८, जिंकायला हवेत २७०. ४८ राज्यांत ज्याची मतं जास्त, त्याच्या पदरात राज्यातले सगळे निर्वाचक. न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे जातंय, त्यामुळे तिथले १४ प्रचाराआधीच हिशेबात धरलेले असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी मतदाराने कुणालाही मत दिलं तरी चित्र तेच. सगळी धावपळ कुणाकडेही झुकू शकणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या १९ साठी.

२०२० मध्ये बायडेन देशभरात ७० लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. तरी ॲरिझोनातली १०,४५७, जॉर्जियातली ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमधली २०,६८२ ही आघाडी हातची गेली असती, तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. मग निवड प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, आणि तिथे राज्यागणिक एक मत. सगळ्यात जास्त लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला एक, सगळ्यात कमी लोकसंख्येच्या वायोमिंगलाही एकच!

मोजणीवाला:
तुमचा हिशेब बरोबर आहे, पण या पद्धतीत भांडण एका राज्यापुरतं राहतं. २००० साली फ्लोरिडात बुश यांची आघाडी ५३७ मतांची होती, वाद तिथेच झाला. देशाची एकच बेरीज केलीत तर निसटत्या निकालात प्रत्येक काउंटीत (राज्यातल्या जिल्ह्यात) फेरमोजणी मागतील. आपल्याकडे आहे तसा मतदान घेणारा एकच निवडणूक आयोग तिथे नाही, नियम राज्याराज्यात वेगळे.

पेनसिल्व्हेनियाचंच घ्या. टपाली मतपत्रिका आधी बिननावाच्या आतल्या पाकिटात घालायची, मग ते सही केलेल्या बाहेरच्या पाकिटात. आतलं पाकीट राहिलं की ती मतपत्रिका बाद. शिवाय मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी पाकिटं फोडायला बंदी. लाखो पाकिटं एकाच दिवशी उघडायची म्हटल्यावर मोजणी रेंगाळणारच, आणि रात्री पुढे असलेला उमेदवार सकाळी मागे पडला की लोक घोटाळा म्हणतात. फ्लोरिडात ही छाननी आधीच करून ठेवतात, तिथे बहुतेक निकाल त्याच रात्री हाती येतो.

एडिसनकर:
मग पाकिटांचा नियम बदला ना! ५३७ चा फरक पडला तो एकाच राज्याची बेरीज निर्णायक ठरली म्हणून. त्याच वर्षी देशभरात बुश यांचे प्रतिस्पर्धी गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. तेवढ्या आघाडीवर कोण फेरमोजणी मागेल?

तिसरी बाजू:
मेन आणि नेब्रास्का या उरलेल्या दोन राज्यांसारखं निर्वाचकांचं मतदारसंघनिहाय वाटप केलं तर?

मोजणीवाला:
ते तर आणखी वाईट. मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत विधिमंडळातला सत्ताधारी पक्षच आखतो. २०१२ मध्ये ओबामांनी पेनसिल्व्हेनिया जिंकलं, पण तिथल्या १८ पैकी १३ मतदारसंघांत त्यांचे प्रतिस्पर्धी रॉमनी पुढे होते. ती पद्धत देशभर असती तर कमी मतं मिळूनही रॉमनी २७४-२६४ ने अध्यक्ष झाले असते.

एडिसनकर:
हे पटलं. म्हणूनच मला थेट बेरीज हवी. घटनादुरुस्तीची आशा मी धरत नाही. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती ३३८ विरुद्ध ७० ने मंजूर केली, पण सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, भाषणं लांबवून अडवली गेली. राज्यांच्या आपसातल्या कराराचा मार्ग आहे: २७० निर्वाचकांइतकी राज्यं आली की सगळ्यांनी आपले निर्वाचक देशात जास्त मतं मिळवणाऱ्याला द्यायचे. न्यू जर्सीने २००८ मध्येच त्यावर सही केली. अडलंय ते पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा राज्यांत, कारण आजच्या पद्धतीत उमेदवार त्यांच्याच दारात उभे असतात.