मुलीसाठी क्रिमिनल जस्टिस की डेंटल हायजीन? (न्यू जर्सी, कम्युनिटी कॉलेज)

शरयू_एडिसन
नमस्कार. माझी मुलगी जूनमध्ये बारावी पूर्ण करील आणि सप्टेंबरपासून आमच्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात जाईल, एवढे नक्की आहे. विषय मात्र ठरत नाही. क्रिमिनल जस्टिस (पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांच्या कामाचा अभ्यास) तिच्या मनात आहे, डेंटल हायजीन (दात साफ करण्याचे आणि हिरड्यांच्या काळजीचे शिक्षण) आम्हा दोघांच्या. ती १८ वर्षांची आहे आणि आम्हाला ग्रीन कार्ड मिळून ३ वर्षे झाली. फी, पुस्तके, साहित्य असे सगळे धरून २०,००० डॉलरच्या पुढे आम्ही जाऊ शकत नाही आणि कर्ज काढायचे नाही. ज्यांच्या घरात यांपैकी एखादा अभ्यासक्रम झाला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

मोहन_का
विचार कसला करता? डेंटल हायजीन. माझी सून हेच काम आठवड्यातून चार दिवस करते आणि तिच्या पगारावर त्यांनी घर घेतले. सरकारच्या कामगार सांख्यिकी विभागाने २०२३ साली या कामाचे मध्यम वार्षिक वेतन ८७,५३० डॉलर दिले होते. फक्त कम्युनिटी कॉलेजात घालू नका. खासगी विद्यापीठात चार वर्षांची पदवी घ्यावी. खर्च जास्त होतो, पण कर्ज पाहता पाहता फिटते.

दिनेश_पी
नावाची खात्री करून मगच पैसे भरा. माझ्या भाचीने एका खासगी संस्थेत नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि शेवटी कळले की तो डेंटल असिस्टंटचा होता. असिस्टंट डॉक्टरांच्या हाताखाली उपकरणे देतो; दात साफ करण्याचा परवाना हायजिनिस्टला मिळतो आणि त्याचे शिक्षण वेगळे असते. तिचे पैसे गेले आणि वर्षही गेले.

सई_हायजिनिस्ट
दिनेश यांनी सांगितलेली चूक मी अनेकांकडून ऐकली आहे. अभ्यासक्रमाला ‘कोडा’ची, म्हणजे कमिशन ऑन डेंटल ॲक्रेडिटेशनची, मान्यता आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

शरयूताई, मी ११ वर्षे हे काम करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे डेंटल हायजीनला प्रवेश मिळाला असे होत नाही. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी आधी चांगल्या श्रेणीने पुरे करावे लागतात, मग मोजक्या जागांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर दिवसभराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होतो. त्यामुळे हिशेब तीन वर्षांचा धरावा. उपकरणांचा संच, लूप्स (डोळ्यांवर लावायची भिंगे), गणवेश, राष्ट्रीय बोर्डाची ३५० प्रश्नांची परीक्षा, प्रात्यक्षिक परीक्षा आणि राज्याचा परवाना यांचा खर्च फीच्या वर येतो. आमच्या वेळी क्लिनिकसाठी रुग्णही आम्हीच शोधून आणत होतो. हवा तेवढा टार्टर (दातांवरचा कडक थर) साचलेला रुग्ण मिळेना, म्हणून माझे शेवटचे सत्र अडता अडता राहिले.

मला हे काम मनापासून आवडते. तरीही मान आणि मनगट यांच्यामुळे मी चार दिवसांपेक्षा जास्त काम घेत नाही, आणि ज्या दवाखान्यांत मी काम केले, तिथे तासाचे पैसे चांगले मिळाले पण आरोग्य विमा मिळाला नाही. आवड नसलेल्या मुलीला यात घालू नका.

तेजस_टॅम्पा
माझी पत्नी भारतातून बी.डी.एस. करून आली आहे. फ्लोरिडात परदेशी दंतवैद्यांना हायजिनिस्टच्या परवान्याचा मार्ग खुला आहे, त्यामुळे तिला पुन्हा कॉलेज करावे लागले नाही. कोडाचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही.

सई_हायजिनिस्ट
तेजस, फ्लोरिडाचा नियम फ्लोरिडापुरता आहे आणि तो आधीच दंतवैद्य असलेल्यांसाठी आहे. परवाना प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देते. बारावीतून बाहेर पडणाऱ्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही.

दिनेश_पी
क्रिमिनल जस्टिसबद्दलही सांगतो. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने दोन वर्षांची ती पदवी घेतली आणि आज तो गोदामात रात्रपाळीला रखवालदार आहे. त्या कागदाने कोणतेही दार उघडत नाही.

वैदेही_र
मी प्रोबेशन विभागात, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात, काम करते, त्यामुळे दिनेश यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. क्रिमिनल जस्टिसच्या पदवीने कोणताही परवाना मिळत नाही. पोलीस व्हायचे तर अकादमीचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि न्यू जर्सीत पोलीस अधिकाऱ्याला अमेरिकेचे नागरिकत्व लागते. एफ.बी.आय.च्या स्पेशल एजंटसाठी नागरिकत्व आणि चार वर्षांची पदवी दोन्ही लागतात, शिवाय वयही किमान २३ हवे. प्रोबेशन अधिकाऱ्यालाही चार वर्षांची पदवी लागते. म्हणून दोन वर्षांवर थांबायचे असेल तर हा विषय घेऊ नये.

पुढे शिकायचे असेल तर पदवीच्या नावातली अक्षरे नीट वाचा. न्यू जर्सीत ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) किंवा ए.एस. (असोसिएट इन सायन्स) या दोन वर्षांच्या पदवीचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, सरकारी विद्यापीठात पुढे नेण्याचा राज्यव्यापी करार आहे; ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) पदवीला ते संरक्षण तसेच्या तसे मिळत नाही. माझी काही क्रेडिट याच कारणाने वाया गेली आणि एक सत्र पुन्हा भरावे लागले, ते मला आजही सलते. जॉन जे कॉलेजचे नाव मोठे आहे, पण ते न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत येते आणि तुम्हाला राज्याबाहेरची फी पडेल. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात हा विषय आहे आणि मुलगी घरून जाऊ शकेल. ग्रीन कार्डधारकांना शिक्षणासाठीच्या केंद्रीय आर्थिक मदतीचा फाफ्सा हा अर्ज भरता येतो. तो लवकर भरा, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर राज्याच्या कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँटबद्दलही विचारा.

मोहन_का
मी पुन्हा सांगतो, डेंटल हायजीन. पोलिसांत मुलीला पाठवण्यात मला शहाणपण दिसत नाही. कर्जाला एवढे घाबरू नये.

शरयू_एडिसन
सर्वांचे मनापासून आभार. मोहनकाका, कर्ज काढायचे नाही हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले होते आणि त्यात बदल नाही.

काल रात्री मुलीला हा सगळा धागा वाचायला दिला. सईताईंचा मजकूर तिने दोनदा वाचला आणि स्पष्ट सांगितले की रसायनशास्त्राच्या भीतीने ती नाही म्हणत नसून, लोकांच्या तोंडातले काम तिला करायचेच नाही. पोलीसही तिला व्हायचे नाही. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीच्या सरकारी वकिलाच्या कार्यालयात पीडितांना आणि साक्षीदारांना मदत करणारा विभाग असतो, त्या कामासाठी तिला शिकायचे आहे. हे तिने आजवर आम्हाला सांगितलेच नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. नागरिकत्वाचा अर्ज ग्रीन कार्डाला ५ वर्षे झाल्यावर करता येतो, म्हणजे तिची पहिली पदवी हातात येईल त्याच सुमारास. त्यामुळे तोवर तिचे काही अडणार नाही.

बहुमत डेंटल हायजीनच्या बाजूने आहे, तरी आम्ही क्रिमिनल जस्टिस घेत आहोत. अर्जात ए.एस. पदवीच निवडली आहे, फाफ्सा आज भरला, आणि रटगर्सला कोणते क्रेडिट चालतात हे विचारण्यासाठी कॉलेजच्या सल्लागाराची गुरुवारची वेळ घेतली आहे.