सरकारी दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा… (तुमचेही किस्से लिहा)

घाटातला_प्रवासी: परवा तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात एक सिस्टर स्कूटी लावून मोबाइल वर धरून उभ्या. गाडी बंद पडली की काय म्हणून थांबलो तर म्हणे "नाही दादा, रेंज इथंच येते, एन्ट्री सेंड करतेय". मला माझं २००९ आठवलं. एका तालुका ऑफिसात कंत्राटी डेटा एन्ट्रीला होतो, एचएमआयएस पोर्टल (दवाखान्यांचे आकडे ऑनलाइन भरायचं) सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि आमची लँडलाईन पावसाळ्यात गेली की दिवाळीच्या तोंडावर उगवायची. मग काय, अहवाल पेन ड्राइव्हमध्ये, पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन आणि एसटीने नंदुरबार. कॅफेतून परत आलो की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले!!

खापरावरची_पुरी: शॉर्टकट व्हायरस 😂😂 आमच्याकडे तर कॉम्प्युटरवर कायम कापड टाकलेलं, देवासारखं. शिपाई मामा रोज विचारायचे, "भाऊ, हाई डबडं कव्हय चालू व्हयी?"

सिस्टर_रिटायर्ड: चोपडा तालुक्यात एएनएम (गावपातळीवरची नर्स) होते. कॉम्प्युटर आला की लिखाण कमी होईल म्हणे, कुठलं काय, रजिस्टर आम्हीच भरायचं, ऑपरेटर ते बघून टाईप करणार आणि चुकलं की फोन परत आम्हालाच. माता-बालकांची नावानिशी नोंद सुरू झाली तेव्हा तर विचारू नका. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासरी एक नोंद, माहेरी शिरपूरला दुसरी, बाळ तिकडे झालं, इकडच्या यादीत बाई अजून गरोदरच. एकीचा १४ वा महिना चालू होता कागदावर, मीटिंगमध्ये मलाच उभं केलं. आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांना कुठं शोधायचं? कुकर झाला, नंतर लिहिते.

गिरणाकाठ: ताई १४ वा महिना 🙏🙏

फार्मसीवाला_भो: लोडशेडिंग कोणी लिहिलंच नाही. जनरेटरला डिझेल मोजकं, त्यावर आयएलआर (लसींचा फ्रीज) चालवायचा की कॉम्प्युटर? लस २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागते, म्हणून फ्रीज पहिला, त्यात वाद नाही. पण वरून फोन यायचा, एस फॉर्म, पी फॉर्म का नाही आले? (साथरोगाचे आठवड्याचे अहवाल, एस सिस्टरचा, पी डॉक्टरांचा, एल लॅबचा.) म्हटलं साहेब, लस गरम करू का अहवाल थंड ठेवू? पुढच्या महिन्यात बदली झाली, त्या वाक्यामुळे नसेल बहुतेक.

आकडेमोड: फॉन्टचं दुखणं विसरलात का? आम्ही टाईप केलेलं मराठी जिल्ह्याला उघडलं की नुसतं किडेमुंगी. शेवटी प्रिंट काढून हाती द्यायचो, ते लोक तिथं पुन्हा टाईप करायचे.

शहाद्याचा: विषयांतर, पण देशातला पहिला आधार नंबर आपल्या टेंभलीत दिला होता, २०१० ला. शहादा तालुका!! 💪

खापरावरची_पुरी: त्याचा इथं काय संबंध भो

शहाद्याचा: कॉम्प्युटरचाच ना. बरं ते जाऊ द्या, यावलकडे भरीताची वांगी आली का बाजारात?

गिरणाकाठ: आलीत, पण भाव विचारू नका.

सिस्टर_रिटायर्ड: आले परत. त्या १४ व्या महिन्यावाल्या बाईचा मुलगा आता शाळेत आहे, मागे बाजारात भेटली, मलाच म्हणे "ताई, माझं नाव कटलं का?"

घाटातला_प्रवासी: ताई 😂 कटलं का मग?

सिस्टर_रिटायर्ड: मी रिटायर होईपर्यंत तरी नाही.