मदत हवी आहे: ब्रेक पाइपचा जोड पाझरतोय

मंडळी, गाडी जुनी मारुती ८००, मुक्काम रत्नागिरी. खाऱ्या हवेने ब्रेकचा पाइप गंजला, म्हणून नवा घालतोय. ४.७५ मिमीचा, कॉपर-निकेलचा घेतला. साधं तांबं कितीही छान वाकलं तरी ब्रेकला नको, यावर मी ठाम आहे.

जुन्या पाइपचं टोक आत दुमडलेलं, दुहेरी फ्लेअरचं (फ्लेअर म्हणजे कर्ण्यासारखं पसरवलेलं तोंड), ४५ अंशांचं. तसंच हाताच्या टूलने करतोय. पाइप कटरने सरळ कापतो, आतबाहेरची बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढतो, नट आधी ओवतो (हे विसरलं की कापा परत!), टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावून दाबतो. चाकाकडचा जोड कोरडा आहे. मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) मात्र पेडल दाबून धरलं की नटाच्या मागून बारीक ओल येते. नट हाताने सहज बसतो, आटे शाबूत आहेत.

शेजारचे मेकॅनिक काका म्हणतात, टेफलॉन टेप गुंडाळ. मला पटत नाही. ऑइल आट्यांवर नाही, फ्लेअर आणि सीट (जोडाच्या आतली, फ्लेअर टेकतो ती बैठक) जिथे भिडतात तिथे अडतं. टेपचा तुकडा आत गेला तर आणखी घोळ.

नट थोडा सैल करून पुन्हा आवळला तर मऊ पाइप सीटवर बसतो, असं ऐकलंय. कुणी करून पाहिलंय का? की सीटवरच ओरखडा असेल? तो तपासायचा कसा? फ्लेअर किंचित तिरका झालाय हे नुसत्या डोळ्यांनी कळतं का? नट किती आवळावा, तेही सांगा. तोवर गाडी दारात उभी आहे, चालवत नाहीये.