प्लीज-थँक्यू येत नाही म्हणजे आपण अडाणी का?

पेठेतला गडी:
मंडळी, जरा बोलायचं हाय. भाच्याच्या शाळेत गुड मॅनर्सचा तास सुरू झालाय. पोरगं घरात पाणी मागताना पण प्लीज म्हणतंय आणि ताटात भाकरी पडली की थँक्यू. आज्जी वैतागून म्हणाली, "मी काय खानावळ चालवतोय व्हय रं?" यात आज्जीचं काय चुकलं सांगा. आपल्या कोल्हापुरात कुणाच्या दारात पाच मिनिटं गेला तरी चहाशिवाय सोडत नाहीत, जेवायची वेळ असली तर हाताला धरून पाटावर बसवतात. तालमीत पोरगं माती कपाळाला लावल्याशिवाय कुस्तीला उभं राहत नाही, वस्तादाच्या पाया पडतंय, हे काय मॅनर्स न्हवंत? भाषा रांगडी असंल आपली, पण माणुसकी एक नंबर, ती शिकवायला तास कशाला पायजे.

शाहूपुरीवाली:
दादा, पाहुणचार वेगळा आणि मॅनर्स वेगळे. पाहुणा ओळखीचा असतोय, त्याला कोण पण जेवू घालंल. अनोळखी माणसाशी कसं वागता ते बोला. मी रोज केएमटीच्या बसनं जातो, बिंदू चौकात रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत. मावशी मावशी करत हॉर्न मारतात पण ब्रेक काय दाबत नाहीत. आणि परवाचं सांगतो, एका मिसळीच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर चौघं, कपड्यावरनं चांगल्या घरची. रस्सा वाढणारं पोरगं अजून मिसरूड पण फुटलं नसंल. आधी "ए बारक्या, कट आण", मग टिचक्या, मग चमचा स्टीलच्या ग्लासावर टण टण टण. पोरगं पळत आलं, वाढलं, एकानं मोबाईलमधनं मान वर केली नाही आणि दोन थेंब टेबलावर सांडलं तर म्हणतोय "डोळं फुटलं काय रं". थँक्यू राहू दे बाजूला, नुसतं "बास भावा" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

नाद खुळा:
ताई, रस्सा यायला उशीर झाला की कोल्हापूरकर माणसात राहत नाही, तेवढं समजून घ्या 😂

पुण्यातनं परत आलेला:
मी पेठकरांच्या बाजूनं. पुण्यात नोकरी केली, तिथं अहो-जाहो करून असा काय अपमान करतात की घरी आल्यावर कळतंय. इथं ए भावा म्हणतात पण गाडी बंद पडली तर ढकलायला चौघं उतरतात. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, ट्रकवाले अडकून पडलेले, कुठल्या कुठल्या राज्यातले, कानडी तमिळ बोलणारे. त्यांना गावातनं भाकऱ्या गेल्या. कुणी प्लीज म्हटलं होतं?

शाहूपुरीवाली:
आणि पूर ओसरल्यावर त्याच ट्रकवाल्यांना तावडे हॉटेलच्या चौकात आपण काय काय ऐकवतो ते पण लिहा की.

भवानी मंडपातला म्हातारा:
तुम्ही दोघं पण वरवरचं बोलताय. गंगाराम कांबळेंचं हॉटेल आठवा. राजवाड्यावर नोकरीला असताना हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून या माणसाला मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना तर शिक्षा केलीच, पण गंगारामला भाऊसिंगजी रोडला चहाचं दुकान काढून द्यायला मदत केली. लोक तिथं फिरकंनात. मग महाराज स्वतः आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, थांबवून तिथला चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींना पण पाजायचे, आता महाराजांपुढं नाही कोण म्हणणार! १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव चालणार नाही असा हुकूम पण काढला. मी तर यालाच मॅनर्स म्हणतो. आता आपापल्या घरात बघा, कामवाल्या बाईंचा कप खिडकीत वेगळा ठेवलाय का नाही. ठेवला असंल तर पाहुणचाराचं कौतुक आम्हाला सांगू नका.

पेठेतला गडी:
आजोबा, कपाचं बोललासा ते शंभर टक्के पटलं. पण असला कप मी जिथं जिथं बघितलाय ती सगळी प्लीज-थँक्यूवाली घरं, पोरं इंग्लिश मिडियमला. म्हणजे तासाचा काय उपयोग झाला? माझा मुद्दा तोच हाय.

तास घेणारी बाई:
मी दुसऱ्या शाळेत शिकवते, पण तास तोच, म्हणून लिहिते. प्लीज-थँक्यू पहिल्या आठवड्यात संपतं. नंतर डबा खाल्ल्यावर जागा पुसणं, नळावर रांग, शिपाईमामांना नावानं हाक मारून नमस्कार. पोरं पटकन शिकतात हो. अडचण गेटबाहेर आहे. सुटताना वडील गाडी आडवी लावून रिक्षामामांना "ए सरक" म्हणतात आणि पोरगं मागच्या सीटवर बसून सगळं ऐकतं. आणि पेठकर, वस्तादांच्या पाया पडणारी तीच पोरं शाहू स्टेडियमवर मॅचला काय बोलतात ते मी लिहू का इथं?

पेठेतला गडी:
ओ बाई, फुटबॉलला मधी आणायचं नाही. मॅचमधल्या शिव्या तोंडातनं जातात, मनात काय नसतंय.

शाहूपुरीवाली:
रेफरीला विचारून सांगा.